खापर गराडूवर

जानेवारीतल्या त्या रात्री मी सराफ्यात गराडू खाल्ले होते, हे आधीच कबूल करते. पुढचे दोन दिवस आमच्या घरात दुसऱ्या कशावर बोलणंच झालं नाही.

इंदूर न पाहिलेल्यांसाठी सांगते. सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, आणि रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याची जत्रा. गराडू हा कोनफळाच्या भावकीतला कंद, थंडीतच मिळतो. तुकडे खरपूस तळायचे, वर लिंबू पिळायचं, जीरावन भुरभुरायचं आणि फुंकर मारत खायचे. पोटाला जड खरे. पण साठी जवळ आलेल्या बाईने हिवाळ्यात एकदा तरी पोटाचं ऐकू नये, असं माझं मत आहे.

तर दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला जाग आली. किती वाजले बघावं म्हणून डाव्या कुशीवर वळले. क्षणभर काही नाही. आणि मग कपाट निघालं.

निघालं म्हणजे खरोखरच निघालं. आरशासकट उजवीकडे सरकायचं, झटक्यात जागेवर यायचं, पुन्हा सरकायचं. मी गादीचा काठ घट्ट धरला, कारण पलंगही कलतोय असं वाटत होतं. डोळे मिटले तर आणखी वाईट. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजाआधी उलटी आली. ह्यांनी बाथरूममधली बादली आणून पुढ्यात धरली. थोडं थांबलं. उठून बसायला गेले, पुन्हा तेच सगळं. दिवा लागला, सासूबाई दारात आल्या, त्यांनी बादलीत वाकून पाहिलं आणि निकाल दिला.

"बघ. गराडूच पडले. पित्त खवळलंय तुझं."

बादलीच्या तळाशी गराडूचे तुकडे होते, हे नाकबूल करता येत नव्हतं. पुरावाच तो. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, आणि त्यांच्या हयातीत घरात ज्याला ज्याला चक्कर आणि उलटी एकदम झाली त्या प्रत्येकाला पित्तच झालं होतं. जागरण, उपास, ऊन, लग्नातलं जेवण, कारण काहीही असो. मला त्या अवस्थेतही एक गोष्ट सुचली होती, पण बोलायची ताकद नव्हती म्हणून इथे लिहिते: उलटीतून पोटात असेल तेच पडणार. कानातलं थोडंच पडणार आहे?

हे मात्र बादलीकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. "हास बरं," म्हणाले. मी शिवी दिली असती. "हास म्हणतोय ना. दोन्ही हात वर कर. आता म्हण, कच्चा पापड पक्का पापड." सासूबाईंना वाटलं, मुलाचंच डोकं फिरलं. मी कच्चा पापड पक्का पापड म्हटलं, चारदा, स्पष्ट. मग त्यांनी मला धरून उभं केलं आणि हळूच हात सोडला. मी डगमगले, भिंतीला बोट टेकवलं, पण बाथरूमपर्यंत पाच पावलं माझी मी गेले. तेव्हा ते पलंगावर बसले आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

त्यांना अण्णा आठवत होते. मलाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. माझं माहेर इंदुरातच, लोकमान्य नगरात. २०१३ सालची, पितृपक्षातली गोष्ट. घरी श्राद्ध होतं. खीर, वडे, अळूवडी, सगळं साग्रसंगीत. जेवणं दीडला उरकली. तीनच्या सुमाराला अण्णा खुर्चीतून उठले आणि बसले ते डावीकडे कलूनच. म्हणाले, चक्कर येतेय. मग उलटी. मग पुन्हा. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, वडे बाधले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सहा वडे खायचे असतात का? लिंबूपाणी झालं, आलेपाक झाला. सूतशेखरची मात्रा मधातून मीच उगाळून चाटवली. गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, तिथे उलटीचं इंजेक्शन मिळालं. बीपी जरा वर आहे, पण उलट्यांमुळे असेल, रात्री झोपले की सकाळी ठीक, असं ऐकून आम्ही घरी आलो.

संध्याकाळपासून त्यांना उचकी लागली. थांबेचना. पाणी पाजलं, साखर दिली, पाठीवर चापट्या मारल्या. माझी आत्या म्हणाली, "पितृपक्ष आहे, वर कोणीतरी आठवण काढतंय." आम्ही हसलोसुद्धा. अण्णाही हसले, उचक्यांच्या मधून.

सकाळी चहाचा पहिला घोट त्यांच्या नाकातून बाहेर आला. आवाज घोगरा झाला होता. उभं केलं की डावीकडे झुकायचे, कोणी ढकलावं तसे. तेव्हा कुठे मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तोही चुकीचाच. मेंदूचा तळ, मणक्याला जोडणारा देठ म्हणा, तिथला पक्षाघात सुरुवातीला सीटीत बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसला. मेंदूच्या देठाला डाव्या बाजूने रक्त पुरवणारी नळी बंद झाली होती. चक्कर, उलटी, उचकी, घोगरा आवाज, गिळताना ठसका, एका बाजूला तोल, ही सगळी त्या एकाच जागेची चिन्हं होती. तोंड वाकडं झालं नव्हतं, हात लुळा पडला नव्हता. पक्षाघात म्हटल्यावर आपण जे शोधतो त्यातलं काहीच नव्हतं. होता फक्त सहा वड्यांचा हिशोब.

न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, सुरू कधी झालं? काल तीन वाजता, म्हटलं. ते काही बोलले नाहीत. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, हे मला पुढे कळलं. साडेसात वाजता आम्ही आत्याच्या विनोदावर हसत होतो.

अण्णा वाचले. महिनाभर नाकातल्या नळीने जेवले, मग पातळ, मग सगळं. चालणं मात्र जहाजावरच्या माणसासारखं झालं, पाय फाकवून, डावा हात भिंतीवर. आणि एक विचित्र गोष्ट राहून गेली. शरीराच्या उजव्या बाजूला गरम-गार कळेनासं झालं. स्पर्श कळायचा, ऊन कळायचं नाही. अंघोळीच्या बादलीत ते नेहमी डावा हात घालून पाणी बघायचे. एकदा विसरून उजवा घातला आणि बोटं पोळून निघाली, ती आईने आरडाओरडा केल्यावर त्यांना कळली. पुढे पाच वर्षांनी ते वेगळ्याच दुखण्याने गेले. पण उचकी लागलेलं कोणीही दिसलं की माझं काळीज अजून हलतं.

तर त्या जानेवारीच्या सकाळी आम्ही गराडूचं कौतुक ऐकत न बसता अकरा वाजता कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी चालू शकत होते, नीट बोलत होते, गिळत होते, डोकं-मान दुखत नव्हती, म्हणून अकरापर्यंत थांबलो. नाहीतर पहाटेच १०८ ला फोन करायचा, हे ह्यांनी पावणेपाचलाच ठरवून टाकलं होतं.

मी तयारीनिशी गेले होते. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. भोवळ वेगळी, घेरी वेगळी. डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, गरगरणं वेगळं, झोक जाणं वेगळं, डोकं हलकं होणं वेगळं. इंदुरात राहून हे सगळं आमच्या तोंडून निसटत चाललंय. इथे सगळ्याचं एकच 'चक्कर', आणि त्याचंही लिंग-वचन हिंदीकडे गेलेलं. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला चक्कर येते, एक. आम्हा इंदूरकरांना 'चक्कर येऊन राहिले', अनेक. माझी समजूत अशी की शब्द नेमका सापडला की निदान निम्मं झालं. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना हिंदीत, जमेल तसं, अंधारी आणि गरगर यातला फरक समजावू लागले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "एक बार में कितनी देर?"

अर्धा तास, मी म्हटलं.

"और क्या करने से आता है?"

कुशीवर वळलं की. आडवं झालं की. उठताना. पहाटेपासून तीनदा झालं होतं, तिन्ही वेळा असंच काहीतरी करताना. नुसतं स्थिर बसलं की मळमळ राहायची, घर फिरायचं थांबायचं.

त्या म्हणाल्या, कॉलेजात आम्हालाही आधी हेच शिकवलं होतं, की पेशंटला विचारा, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं. पण तोच प्रश्न दहा मिनिटांनी फिरवून विचारला तर बरेच जण वेगळं उत्तर देतात. घाबरलेल्या माणसाला शब्द निवडता येत नाहीत. किती वेळ टिकतं आणि कशाने सुरू होतं, ही दोन उत्तरं जास्त भरवशाची. माझा भोवळ-घेरीचा थाट तिथेच मिटला. थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

मग टेबलावर बसवलं. मान डावीकडे पंचेचाळीस अंश वळवली, आणि दोन्ही हातांत डोकं धरून मला झपकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं. "आँखें खुली रखिए." दोन-तीन सेकंद काही नाही. मग छत निघालं. मी त्यांचं मनगट आवळलं. त्या ह्यांना म्हणत होत्या, इकडे या, बघा, डोळे बघा. ह्यांनी नंतर सांगितलं की माझी बुबुळं जागच्या जागी, पिळ भरल्यासारखी, वरच्या दिशेने झटके देत होती. ह्यांनी घड्याळही लावलं होतं. थांबलं तेव्हा मला विचारलं, किती वेळ झाला असेल? मी म्हटलं, दोन-तीन मिनिटं.

बावीस सेकंद.

मी तीस वर्षं बँकेत कॅशवर काढली आहेत. शंभराची गड्डी हातात घेतली की एक नोट कमी आहे हे अंगठ्याला कळायचं. आणि बावीस सेकंदांची मी आधी तीन मिनिटं केली होती, घरी तर अर्धा तास. मधली मळमळ, भीती, पुढच्या झटक्याची वाट बघणं, सगळं त्यातच जमा धरलं होतं.

या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या दोघांच्या नावावरून. त्यांनी ती १९५२ मध्ये मांडली. दुखण्याचं लांबलचक नाव बीपीपीव्ही, बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. आपल्या भाषेत कानातले खडे जागचे हलणं. कानशिलाच्या हाडाच्या आत, ऐकण्याच्या यंत्राला लागून, तोल सांभाळायचं यंत्र असतं. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आत पातळ द्रव. मान वळली की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, वळलो. नळ्यांच्या शेजारच्या पिशवीत एक चिकट थर असतो आणि त्यावर बारीक स्फटिक रुतलेले. चुनखडी ज्याची बनते तोच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. वर-खाली, पुढे-मागे कळतं ते त्यांच्या वजनाने. वयाबरोबर, डोक्याला मार लागून, किंवा कधी काहीच कारण नसताना त्यातले काही सुटतात आणि नळीत घरंगळतात. माणूस कुशीवर वळला की ते नळीत गडगडतात, द्रव हलवतात. माणूस थांबला तरी द्रव हलतोच आहे. मग कान सांगतो फिरतोय, डोळे सांगतात पडलोय, पाठ सांगते गादीवर आहे. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये हे अधिक दिसतं. म्हणजे मी अगदी नमुनेदार गिऱ्हाईक.

उपाय ऐकला तेव्हा मला थट्टा वाटली. डोकं फिरवून खडे परत पिशवीत घालायचे. पोर्टलंडच्या जॉन एपली नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनाही ती थट्टाच वाटली होती, बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. त्यांचा लेख १९९२ मध्ये छापून आला. डॉक्टरीणबाईंनी मला तसंच डावीकडे मान लोंबती ठेवून पाऊण मिनिट थांबवलं. मग डोकं उजवीकडे वळवलं, थांबवलं. मग अख्खी उजव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबवलं. मग पाय खाली सोडून हळूच बसवलं. भांड्याच्या कडेला अडकलेला साबुदाणा भांडं फिरवून फिरवून मध्यावर आणावा, तसं. दोनदा केलं. दुसऱ्यांदा छत जागेवर राहिलं. एकूण दहा मिनिटंही गेली नसतील.

गोळी? म्हणाल्या, उलटीची दोन दिवस घ्या, लागली तर. गोळीने खडे हलत नाहीत. ती फार दिवस घेतली तर उलट मेंदू सुस्तावतो, नव्याने तोल शिकायचं टाळतो, आणि म्हाताऱ्या माणसांचे तर हातपाय थरथरायला लागतात. आमच्या वन्सं चक्करच्या गोळ्या दीड वर्ष घेत आहेत, त्यांना मी हे कळवलं. त्यांना आवडलं नाही.

पण मग उलटी का व्हावी, कानाचा पोटाशी काय संबंध, हे माझ्या डोक्यातून जाईना. त्या म्हणाल्या, तोल सांभाळणारे मज्जातंतू मेंदूच्या देठात जिथे पोहोचतात तिथून उलटीचं केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. आणि एक तर्क असाही मांडला गेलाय की डोळे आणि कान यांच्या बातम्या जुळेनाशा झाल्या की मेंदूला वाटतं, विष पोटात गेलंय. कारण हजारो वर्षं माणसाला असं गरगरायचं ते बहुधा काहीतरी विषारी खाल्ल्यावरच. म्हणून तो आधी पोट रिकामं करतो.

म्हणजे माझ्या मेंदूनेही पहाटे पावणेपाचला हेच ठरवलं होतं, की गराडूच बाधले. मी सासूबाईंना घरी येऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

आपल्याला झालं की आजूबाजूच्या प्रत्येकाला ते कधी ना कधी झालेलं असतं. महिनाभर मी नुसती ऐकत होते, आणि ऐकताना मनात त्या दोन प्रश्नांवर सगळ्यांना पडताळत होते. बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला दोन-दोन, तीन-तीन तास गरगरतं, आधी एक कान दडा बसल्यासारखा जड होतो, आत शिटी वाजते, ऐकू कमी येतं. तो मेनियरचा आजार. प्रॉस्पेर मेनियर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की असली चक्कर कानातून येते, तोवर मेंदूवर खापर फुटत होतं. त्याला मीठ कमी केल्याचा फायदा झालाय. शेजारच्या मुलीला सर्दी-ताप होऊन गेला आणि मग तीन दिवस, रात्रंदिवस, न थांबता घर फिरत होतं. तोलाच्या मज्जातंतूला सूज. तिच्या बाबतीत तर डॉक्टरांनी पक्षाघात नाही ना, हे डोळ्यांच्या हालचालींवरून आधी तपासून घेतलं, कारण न थांबणारी चक्कर दोन्हींत सारखीच दिसते. माझ्या भाचीची अर्धशिशी कधी कधी डोकं न दुखताच येते, नुसतं गरगरणं आणि मळमळ, उजेड-आवाज नकोसा. चुलत सासऱ्यांना फक्त उभं राहिलं की अंधारी यायची. ते बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या एकदम घेत होते, डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या, संपलं. मधुमेहवाल्यांची साखर उतरली की घाम, थरथर, घेरी. आणि मधुमेही माणसाला, विशेषतः बाईला, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, घाम, उलटी आणि गळून जाणं एवढ्यावरच. तेव्हा ईसीजी काढायला लाजू नये.

एक मात्र मला कोणी सांगितलं नसतं तर सुचलंच नसतं. ओळखीतल्या एका घरी थंडीत आई आणि मुलगा, दोघांना एकाच सकाळी चक्कर आणि उलट्या. दोघांनी आदल्या रात्री एकच भाजी खाल्लेली, त्यामुळे भाजीवर शिक्कामोर्तब. डोकंही ठणकत होतं. कारण निघालं बाथरूममधला गॅस गीझर. दार-खिडकी बंद, आत एकामागून एक अंघोळी. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यानेही तेच होतं. घरात एकापेक्षा जास्त जणांना एकदम झालं तर आधी दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं, भाजीची चौकशी नंतर.

मला स्वतःला ते पुन्हा झालं, एप्रिलमध्ये. वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढायला मान मागे टाकली आणि फळी निघाली. बरणी वाचली. हे खडे पुन्हा सुटतात, बऱ्याच जणांचे सुटतात, हे ठाऊक होतं म्हणून या वेळी भीती नव्हती. बाजू कोणती, ते डॉक्टरीणबाईंनी तपासून दिलं होतं आणि घरी करायची रीतही शिकवली होती. बाजू माहीत नसताना, मानेचं दुखणं असताना, नुसता व्हिडिओ पाहून करू नका असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पलंगावर आडवी झाले, हे घड्याळ घेऊन सेकंद मोजत उभे. बाकी पथ्य फारसं नाही. सकाळी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसून मग उठायचं, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा, त्या दिवसांत स्कूटर चालवायची नाही. पहिल्या दिवशी मात्र एक चूक झाली होती, ती सांगते. मला उताणं झोपवून सासूबाई चमच्याने लिंबूपाणी पाजत होत्या. उलटी होणाऱ्या माणसाला उताणं ठेवू नये, कुशीवर ठेवावं, नाहीतर ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. पाणी घोट घोट, तेही उलटीचा जोर ओसरल्यावर. आणि गिळताना ठसका लागत असेल तर काहीच पाजायचं नाही. अण्णांना मी मध चाटवला होता.

परवा दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. काकांना चक्कर येतेय, दोनदा उलटी झाली, सकाळी गावाहून आलेला आमरस जरा जास्तच झाला, पित्तावर तुझ्याकडे काही आहे का, तू सूतशेखर ठेवतेस ना?

"कधीपासून काकू?"

"आत्ता, अर्धा-पाऊण तास झाला असेल."

"थांबून थांबून येते की सारखी आहे?"

"सारखीच दिसतेय बाई."

"उभे राहतायत का? कोणी न धरता?"

काकू थोड्या गप्प झाल्या. "बसवलं तरी कलतायत गं एका अंगाला. अशक्तपणा आलाय. आमरस..."

मी ह्यांना खूण केली, त्यांनी दुसऱ्या फोनवरून १०८ लावला. घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

"काकू, त्यांना कुशीवर निजवा, काही पाजू नका. आणि उचकी लागलीय का त्यांना?"

"उचकी? नाही गं. का?"

"काही नाही. आलेच मी खाली," म्हटलं आणि चपला शोधू लागले.